काकीचा चुडा

आमच्या वर्गात एक आरसा होता. कळमनुरीत खताच्या दुकानाच्या वर दोन खोल्यांमध्ये आमचा रुग्णसहाय्यकाचा कोर्स चालायचा, आणि खालच्या खताचा वास आमच्या पांढऱ्या ॲप्रनना कायम चिकटलेला असायचा. नर्सिंगला माझे मार्क कमी पडले म्हणून मी तिथे आले होते. बाकीच्या मुलीही अशाच कुठे ना कुठे कमी पडून आलेल्या. आम्हाला शिकवायला सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक मॅडम होत्या. तो आरसा त्यांनीच भिंतीला लावून घेतला होता. आम्हाला आधी वाटलं, वेणीफणीसाठी असेल.

मॅडम एकेकीला त्या आरशासमोर उभं करायच्या आणि मागून काहीतरी वाईट सांगायच्या. या बाईचं बीपी फार वाढलंय, या माणसाला कावीळ आहे, या पोराची शुद्ध हरपत चाललीय. ते ऐकताना आपल्या तोंडावरची एक रेघ हलता कामा नये, उलट थोडं हसू ठेवायचं आणि म्हणायचं, ठीक आहे, डॉक्टर येतायत. कुणाची भुवई वर गेली तर मॅडम तिला पुन्हा उभं करायच्या. त्यांचं एक वाक्य आम्ही सगळ्याजणी त्यांच्या नकलेसकट म्हणायचो. "पेशंटला आकडा कळत नाही, तुझं तोंड कळतं."

बेड लावणं, ताप घेणं, जखम धुणं, इंजेक्शनची तयारी, हे सगळं मला जमेल तसं जमलं. तोंड मात्र पहिल्याच दिवशी जमलं. मॅडमनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. हिच्याकडून शिका, म्हणाल्या. मी तर फुगूनच गेले. मला इतकं सहज ते का जमलं, याचा विचार तेव्हा केला नाही. तांड्यात वाढलेल्या मुलीला ते तोंड लहानपणापासून पाहून माहीत असतं, हे कळायला पुढचं सगळं घडावं लागलं.

आमचा तांडा कळमनुरीहून आडवाटेला आहे. दिवाळी झाली की अर्धा तांडा ऊसतोडीला घाटावर जातो. माझे आईबाप जायचे, काका जायचा. काकी मागे राहायची, कारण जाणाऱ्यांची लेकरं कुणीतरी सांभाळायला हवीत. त्या लेकरांत मी एक. शाळेचा डबा, डोक्यातल्या उवा, परीक्षेच्या दिवशीची दहीसाखर, सगळं काकीचं. तिला स्वतःचं मूल झालं नाही, आणि त्याबद्दल तिच्या तोंडून कधी शब्द निघाला नाही. काका एकटाच जायचा. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. काका फोनवर स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा. "अर्धा बोलून राहिलो," म्हणायचा, आणि काकी लाजायची.

काकी जुन्या पद्धतीने राहायची. तांड्यातल्या माझ्या वयाच्या मुलींनी फेटया-कांचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, कधीच पेटीत टाकली होती. माझ्या आईनेही साडी धरली होती. काकीने मात्र घागरा सोडला नाही आणि चुडा तर नाहीच नाही. कोपराच्या वरपासून खांद्यापर्यंत पांढऱ्या बांगड्या, खाली लहान, वर मोठ्या, एकीला एक लागून. पूर्वी म्हणे त्या हस्तिदंती असत, आता प्लास्टिकच्या मिळतात. लग्नात चढतात आणि नवरा गेला की उतरतात. मधे उतरवायचं काही कारण नसतं, म्हणून कुणी उतरवत नाही. चुड्याखालची कातडी वर्षानुवर्षं ऊन बघत नाही.

आणि रक्तदाब मोजायचा पट्टा नेमका तिथेच बांधतात. उघड्या दंडावर, कोपराच्या थोडा वर.

हिंगोलीतल्या एका खासगी दवाखान्यात आम्हाला प्रॅक्टिकलला पाठवायचे, मॅडमही सोबत असायच्या. तिथे तांड्यावरची म्हातारी आली की गंमत व्हायची. कुणी पट्टा मनगटावर गुंडाळायचं, तर तिथेही बांगड्याच. कुणी चुड्यावरूनच बांधायचं आणि यंत्र काहीतरी भलतंच दाखवायचं. कुणी सरळ मनानेच एकशेवीस-ऐंशी सांगून मोकळं व्हायचं. मी तिथे जायला लागल्यावर मात्र मॅडम मला हाक मारायच्या, ए, तुमच्याकडची आलीय, ये. मला ते "तुमच्याकडची" टोचायचं. पण गेल्यावर म्हातारी आमच्या गोरमाटी बोलीत सुख-दुःख बोलायला लागली की रागही जायचा. तेल लावून, बोलत बोलत, निदान एका हाताचा चुडा मी खाली सरकवायचे, आणि पट्ट्याचं काम झालं की लगेच वर चढवायचे. नवऱ्याला सोबत आणलेलं असायचं, त्यामुळे कुणी फारशी कुरकुर केली नाही. मॅडम म्हणायच्या, तू या दवाखान्यात टिकशील.

काकीचं डोकं त्या हिवाळ्यात सारखं दुखत होतं. कापूस वेचताना चक्कर येऊन ती सरीतच बसली, असं शेजारणीने मला सांगितलं. काकी म्हणाली, ऊन लागलं. हिवाळ्यात कसलं ऊन लागतं? मी तिला दटावून, हाताला धरून हिंगोलीला घेऊन गेले. माझ्या दवाखान्यात मी तिला दाखवणार, याचा मला केवढा डौल आला होता. जाताना जीपमध्ये मी तिला सगळं सांगत होते, कुठे बसायचं, कुठे लघवी द्यायची, डॉक्टर कसे आहेत. ती हं हं करत बाहेर बघत होती.

डॉक्टर म्हणाले आधी बीपी घ्या. काकी सकाळपासून उपाशी होती म्हणून मी तिला चहा आणला, बिस्किटं त्यात बुडवून हाताने भरवली. तिला पडद्याआड बसवलं. वाटीत खोबरेल घेतलं, तिच्या दंडाला चोळलं. चुडा हलत नव्हता, काकीचे दंड आता भरले होते. मी हळू हळू एकेक बांगडी फिरवत, कोपरावरून काढत होते आणि तोंडाने बडबडत होते. तिचं कौतुक केलं, तिच्या हातच्या भाकरीची आठवण काढली, लहानपणी मी कशी रडायचे ते बोलले. पेशंटला बोलण्यात गुंतवावं, असं आम्हाला शिकवलेलंच होतं. काकी आधी हसली. मग तिचं हसणं थांबलं. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

शेवटची बांगडी निघाली तेव्हा तिने विचारलं, "काय झालंय?"

"कुठं काय? काही न्हाई झालं," मी म्हणाले.

पट्टा बांधला, कानाला नळ्या लावल्या, हवा भरली. ठोका ऐकू यायला लागला तेव्हा काटा इतका वर होता की मला वाटलं मी चुकले. पुन्हा मोजलं. तेवढंच. पण आरसा माझ्या अंगात मुरला होता. माझी एक रेघही हलली नाही. मी काकीकडे बघून हसले आणि म्हणाले, ठीक आहे, डॉक्टर येतायत.

आता आमच्या तांड्याची एक रीत सांगते. माणूस दूर मुलखात, उसाच्या फडात किंवा रस्त्यावर दगावला की खबर आधी तांड्याच्या प्रमुखाकडे, नायकाकडे येते. बायकोला कुणी तोंडावर सांगत नाही. तिच्या माहेरची किंवा जवळची एखादी बाई-पोरगी तिच्याकडे पाठवतात. ती गोड बोलते, जुन्या आठवणी काढते. तिला दोन घास भरवते, कारण पुढे ती कधी जेवेल याचा भरवसा नसतो. तेल लावते. हात हातात घेते. बायको विचारते, काय झालंय, आणि ती म्हणते, काही न्हाई. तिच्या तोंडावर हसू असतं. मग चुडा उतरवायला बायका येतात.

मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. काकी स्वतः कितीदा तरी अशी कुणाकुणाकडे पाठवलेली बाई होती. त्या दिवशी पडद्याआड मी तेलाची वाटी घेऊन बसले होते, आणि माझ्या डोक्यात फक्त काटा होता.

डॉक्टरांनी जिभेखाली गोळी द्यायला सांगितली आणि ॲडमिट करा म्हणाले. मी गोळी आणायला गेले. परत आले तर खाट रिकामी. मला वाटलं बाथरूमला गेली असेल. मॅडमना विचारलं, वॉचमनला विचारलं. वॉचमन म्हणाला, घागऱ्यावाली बाई ना, ती तर स्टँडकडे गेली. खाटेवर चुडा तसाच पडला होता. मी तो ॲप्रनच्या खिशात कोंबला आणि पळाले.

तिला जीप मिळाली होती, मला मिळायला वेळ लागला. तांड्याच्या वाटेवर उतरले तेव्हाच रडणं ऐकू आलं. आमच्याकडच्या बायकांचं रडणं एका सुरात असतं, एकमेकींच्या गळ्यात पडून. त्या सुरावरून कुणालाही कळतं की माणूस गेलाय. आणि खरं सांगते, त्या क्षणी मलाही वाटलं, काका गेला. मी दवाखान्यात असताना इकडे खबर आली आणि काका गेला. मी वाटेवरच रडायला लागले. स्वतःच लावलेल्या आगीचा धूर बघून मी कुणाचं घर जळतंय म्हणून रडत होते.

अंगणात काकी भिंतीला टेकून बसलेली. दुसऱ्या हाताचा चुडाही तिने स्वतःच काढला होता, काही बांगड्या फोडल्या होत्या. दोन्ही दंड उघडे, पांढरेफटक, तिचे वाटतच नव्हते. मला बघून सगळ्या बायका थांबल्या. माझ्या मोठ्या आत्याने मला दंडाला धरलं आणि विचारलं, केव्हा गेला, कुठे गेला, तुला कुणी सांगितलं. मी म्हणाले, मला कुणी काही सांगितलं नाही, मी बीपी बघत होते. कुणाचा विश्वास बसेना. बीपी बघायला चुडा कशाला काढावा लागतो, असं एक म्हणाली. पुरुषांनी काकाला फोन लावले, तो बंद. फडात असताना तो नेहमीच बंद असतो, पण त्या दिवशी त्या बंद फोनचा अर्थ एकच होत होता. नायक मुकादमाचा नंबर शोधायला लागला.

मी काकीसमोर बसले. तिचे खांदे धरून म्हणाले, "काकी, काका जिता हाय. मी तुझं रक्त मोजलं, बाकी काही न्हाई."

"मंग हसून काहून राहिली होतीस?" काकी म्हणाली.

मला तसं शिकवलंय, असं सांगणार होते, पण तेवढ्यात तिचा पुढचा शब्द जड झाला. ओठाची एक बाजू खाली आली. उचललेला डावा हात मांडीवर पडला आणि तिथेच राहिला. बाकीच्यांना वाटलं दुःखाने झालं. मला माहीत होतं ते काय आहे, आमच्या पुस्तकात त्याचं चित्र होतं. मी ओरडले, गाडी आणा म्हणून. तेव्हा माझं तोंड कसं होतं कुणास ठाऊक, पण गाडी लगेच आली.

काका संध्याकाळी फोनवर सापडला. तो उसाच्या फडात मोळ्या बांधत होता, त्याला काही झालं नव्हतं. दवाखान्यात काकीच्या कानाला मी फोन धरला. "अर्धा बोलून राहिलो," तो म्हणाला. काकी रडली. अर्धंच तोंड रडत होतं, अर्धं तसंच होतं. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

काकी वाचली. तोंड बरंचसं सरळ झालं, बोलणं आलं, डावा हात मात्र दुबळा राहिला, पाण्याची कळशी त्या हाताने उचलत नाही. मॅडमनी मला एकदाही दोष दिला नाही, उलट म्हणाल्या, त्या दिवशी तू तिला आणलं नसतंस तर शेतातच गेली असती. तांड्यात याच्या उलट बोलतात. तिला नेलं नसतं तर काही झालं नसतं, म्हणतात. दोन्ही म्हणणी माझ्या डोक्यात शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचं आपसात कधी पटत नाही. मला राग येतो. पट्टा दंडावरच बांधायचा, हे ठरवणाऱ्याचा येतो, चुडा दंडावर घालणाऱ्यांचा येतो, आणि सगळ्यात जास्त त्या आरशाचा.

काका हंगाम अर्धा टाकून आला. येताना नवा चुडा घेऊन आला आणि त्याने तो स्वतःच्या हाताने काकीला चढवला. असं आमच्याकडे कुणी करत नाही. बायका पदराआड हसल्या, पुरुषांनी त्याची चेष्टा केली की आता घागराही तूच धू. त्याने ऐकून घेतलं. काकीने तेव्हाच अट घातली. बीपी बघायचं तर चुडा काका काढेल, काकाच घालेल, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. जो काढतो तोच समोर बसलेला असेल, तर तो मेलेला असू शकत नाही, हा तिचा हिशेब. मला तर तो पटला. माझ्यासाठी वेगळी अट होती. काटा जे सांगेल ते तोंडावर सांगायचं आणि हसायचं नाही. तेव्हापासून मी तांड्यात यंत्र घेऊन गेले की तोंड आंबट करून जाते. लोक म्हणतात, पोरगी कोर्स करून खडूस झाली.

कोर्स संपल्यावर कळमनुरीतल्या एका डॉक्टरांकडे मला काम मिळालं. मुलाखतीत ते म्हणाले, बाकी शिकवू आम्ही, पेशंटशी हसून बोलता येतं का? मी म्हणाले, येतं. आता दिवसभर हसते. शेतकरी येतात, बाजारचे लोक येतात, बागवान गल्लीतल्या चाच्या येतात आणि मला दुवा देतात. तांड्यावरची बाई आली की मात्र मी हसू आवरते आणि आधी सांगते, बाई, तुझा नवरा बराबर हाय, मी फक्त पट्टा बांधून राहिले. डॉक्टरांना हे आधी फार विचित्र वाटलं.

या दिवाळीनंतर काका पुन्हा गेला. न जाऊन चालणार नव्हतं. जाताना त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, हिच्या गोळ्या बघ, बीपी बघ, आणि काही कमीजास्त झालं तर माझ्यापासून लपवू नको. मी हो म्हणाले. पण चुड्याचं काय? काकी म्हणाली, तो आल्यावर बघू. हंगाम संपेपर्यंत मोजायचंच नाही, म्हणजे गोळी पुरते की नाही हे कळायचंच नाही, आणि एकदा असा झटका येऊन गेलेल्या बाईला असं वाऱ्यावर सोडायचं नसतं. मी भांडले. ती भिंतीकडे तोंड करून बसली.

शेवटी व्हिडिओ कॉलची युक्ती मीच काढली. काकाने फडातून फोन लावायचा, समोर दिसत राहायचं, आणि त्याच्या देखत मी चुडा काढायचा. काकीने होकाराची मान हलवली. रविवारी मी यंत्र घेऊन गेले. अंगणात फोन तांब्याला टेकवून ठेवला. काका दिसला, डोक्याला फडकं, मागे ऊस, तोंडाला घाम. काढ, मी इथंच हाय, तो म्हणाला. मी तेल लावलं. या खेपेला काही गोड बोलले नाही. काकी बांगड्यांकडे बघतच नव्हती, फोनकडे बघत होती.

शेवटच्या दोन बांगड्या उरल्या आणि काका थांबला. तोंड अर्धं उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हलेचना. रेंज गेली होती. काकीचा हात माझ्या हातात थंड पडला. मी म्हणाले, रेंज गेली काकी, तिकडं डोंगर हाय. दुबळ्या हाताने तिने उघड्या दंडावर ओढणी ओढली. पण मग तीच म्हणाली, "आता काढलाच हाय तर बांध."

मी उरलेल्या दोन बांगड्या काढून पट्टा बांधला. यंत्राने हवा भरली, सोडली, आकडा दाखवला. फार होता. आजाराचा होता की त्या थांबलेल्या तोंडाचा, मला कळायला मार्ग नव्हता. अटीप्रमाणे मी न हसता तिला आकडा सांगितला, उद्याच डॉक्टरांकडे जायचं म्हणाले. मला वाटलं ती घाबरेल. ती घाबरली नाही. तांब्याला टेकवलेल्या फोनकडे बघत म्हणाली, "त्याला सांगू नको. हंगाम टाकून येईल."

तेवढ्यात काका हलला. रेंज आली, आवाज आला, मागच्या कोयत्यांचाही आला. त्याने काकीला बघितलं, मग मला जवळ ये म्हणाला, आणि विचारलं, किती निघालं. काकी फोनमागून माझ्याकडे बघत होती. मी फोन हातात घेतला, आरशासमोरचं तोंड केलं आणि म्हणाले, ठीक आहे काका, सगळं ठीक आहे.

काकाने हातातला कोयता खाली ठेवला.

"पोरी," तो म्हणाला, "हसून काहून राहिली?"